चार श्रेयांकांची कसर

यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर दिसणारी माणसं दोनच प्रकारची असतात. एक, ज्यांच्या घरी लग्न आहे ती. आणि दुसरी, ज्यांची इंटर्नशिप आहे ती. पहिल्यांच्या डोक्याला फेटा असतो, दुसऱ्यांच्या तोंडाला दुपट्टा. पहिल्यांना जेवण मिळतं, दुसऱ्यांना प्रमाणपत्र.

ही इंटर्नशिप नव्या शैक्षणिक धोरणाने आणली. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचं 'ऑन जॉब ट्रेनिंग', एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे एकूण १२० तास प्रत्यक्ष कामाचा अनुभव. धोरण ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा काचेच्या इमारती असाव्यात, गळ्यात ओळखपत्र अडकवून सरकत्या दरवाजातून आत जाणारी तरुण मंडळी असावीत. आमच्या तालुक्याच्या गावात सरकता दरवाजा एकच आहे, आणि तो सरकत नाही. तरी अर्थशास्त्राच्या मुलांना पतसंस्थेने घेतलं, वाणिज्यच्या मुलांना जिनिंगवाल्याने घेतलं. इतिहास आणि मराठीच्या मुलांना कोण घेणार? शेवटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयानेच आपल्याच मुलांना दत्तक घेतलं आणि कामाला 'अभिलेख जतन व अंकीकरण' असं वजनदार नाव दिलं. मुलं त्याला 'स्कॅनिंग' म्हणतात. त्यांचे आईवडील 'झेरॉक्सचं काम' म्हणतात, आणि एवढं शिकून झेरॉक्सच का, असं विचारतात.

महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. प्रत्येकाने शेजारच्या तालुक्यातलं समजावं.

मी निवृत्त माणूस. या ग्रंथालयात सकाळी पेपर वाचायला जातो आणि पेपर संपल्यावर पंख्याखाली बसून राहतो. त्यामुळे या प्रशिक्षणाचा पहिल्या रांगेतला प्रेक्षक मीच, आणि दुसरी रांग नाही.

ग्रंथपालांना इथे 'मॅडम' म्हणतात आणि ग्रंथालय परिचरांना 'काका'. मॅडमनी सुरुवातीलाच मुलांच्या हातात मऊ केसांचे ब्रश दिले. मुलांना स्कॅनर हवा होता. मॅडम म्हणाल्या, आधी धूळ. शिवणीपासून कडेकडे, हलक्या हाताने, तोंडाला मास्क लावून, एकेक पान. तासाभराने वणीचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे त झाडू मारणंच झालं." मॅडमनी न बोलता भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. तसबीर संत गाडगेबाबांची. १९८३ साली स्थापन झालेलं, आज पाच जिल्हे सांभाळणारं आमचं अमरावतीचं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं आहे. हातात खराटा घेऊन गावंच्या गावं झाडत फिरलेल्या माणसाचं नाव ज्या विद्यापीठाला आहे, त्याच्या विद्यार्थ्याने झाडण्याबद्दल तक्रार करावी? पोरगा तसबिरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण बाबा रस्ते झाडत होते मॅडम. आतून-बाहेरून एकेक पान नाही."

यावर मॅडमकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

धुळीनंतर कागदाचं शास्त्र आलं. मॅडम ते मन लावून शिकवतात. चिंध्यांपासून हाताने केलेला जुना कागद दोन-तीनशे वर्षं सहज काढतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद आला. त्यात लिग्निन, वर तुरटी आणि राळेची खळ. या कागदाच्या पोटातच आम्ल तयार होतं आणि तो आतल्या आत स्वतःला खात सुटतो. म्हणून बोरूने लिहिलेली पोथी अजून ताठ आहे आणि १९६० सालचं वर्तमानपत्र उचललं की हातात तुकडे येतात. आजोबा ठणठणीत आणि नातू ऑक्सिजनवर. मुलांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, ज्या वहीचा कागद लगद्याचाच होता.

पण त्या खोलीत बसून बसून माझंही एक शास्त्र तयार झालं आहे, आणि ते अभ्यासक्रमात नाही. ते असं, की आमच्या भागात जुना कागद टिकला तो आळसामुळे. काळजीमुळे गेला.

पुरावा म्हणून ग्रंथालयाच्या मागच्या खोलीतलं हिरवं लोखंडी कपाट सादर करतो. त्याची किल्ली कधी हरवली हे कोणालाही आठवत नाही. किल्ली नाही म्हणून ते कोणी उघडलं नाही. उघडलं नाही म्हणून आतलं कोणी वाचायला नेलं नाही, साफ केलं नाही, शिवलं नाही. निर्लेखन समिती आली, म्हणजे कोणती पुस्तकं रद्दीत काढायची ते ठरवणारी समिती, तर तिनेही कपाटासमोर उभं राहून 'पुढील बैठकीत विचार व्हावा' असा शेरा मारला आणि ती चहाला गेली. पुढील बैठकीतही किल्ली नव्हतीच.

आता कपाटाबाहेरची, जपलेली पुस्तकं बघा. एका सद्गृहस्थांनी फाटलेली पानं चिकटपट्टीने जोडली होती. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो, तेलकट होतो, अक्षरात मुरतो. पट्टी सुटून पडते आणि डाग तेवढा कायमचा राहतो. दुसऱ्या एका हौशी माणसाने एक जुनी गाथा बाइंडरकडे पाठवली. बाइंडर मोठा टापटिपीचा. त्याने चारही कडा यंत्रावर सरळ कापल्या आणि कडेला कोणा वाचकाने आयुष्यभर लिहून ठेवलेली टिपणं खाली केराच्या टोपलीत गेली. तिसऱ्याने एका दुर्मिळ नकाशाला लॅमिनेशन केलं. प्लास्टिकच्या दोन थरांत, उष्णतेने दाबून, आतल्या आम्लासकट. तो नकाशा आता भिजणार नाही, फाटणार नाही आणि वाचणारही नाही. या तिघांचेही ग्रंथालयाने त्या-त्या वेळी आभार मानले होते. आभाराची पत्रं जावक नोंदवहीत आहेत.

तर हिरवं कपाट उघडायचं ठरलं. कपाट जडवस्तू संग्रह नोंदवहीत असल्याने कुलूप तोडण्यासाठी परवानगी हवी होती. परवानगीच्या अर्जाला 'कपाटात काय आहे याची यादी जोडावी' असं उत्तर आलं. अखेर काकांनी बाजारातून चाव्या करणारा बोलावला. त्याने एक तार घातली, कान लावला आणि दरवाजा उघडला. मधल्या काळातला सगळा पत्रव्यवहार मॅडमनी एका फाइलीत लावला. पन्नास वर्षांनी कोणी तरी त्याचं जतन करील.

आत लाल कापडात बांधलेली दप्तरं होती. पहिल्याच दप्तराची गाठ सोडताच पुसदची मुलगी किंचाळली. पोथीच्या पानांत सापाची अखंड कात होती.

"कायले बोंबलतं व? कात आहे थे," काका म्हणाले. "मुद्दाम ठेवत होते जुने लोक. पोथीले कसर नाही लागत."

कातेशिवाय कडुनिंबाचा पाला होता, वेखंडाचे तुकडे होते. शास्त्र कातेबद्दल काय म्हणतं हा प्रश्न बाजूला राहिला, पण पोथीला खरंच एकही छिद्र नव्हतं. मुलांनी कातेसोबत फोटो काढले. दुसऱ्या दिवशी जतनकार्याला समाजशास्त्राची मुलंही आली, आणि ती चार श्रेयांकांसाठी आली नव्हती. कातेच्या दर्शनाने आमच्या ग्रंथालयाची उपस्थिती एका दिवसात जेवढी वाढली, तेवढी वाचन प्रेरणा दिनाला कधी वाढली नाही.

यानंतर खरा संघर्ष सुरू झाला. कूलरचा.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. हवेत पाणी नावालाही नसतं, म्हणूनच विदर्भात कूलर चालतो. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. वाळ्याच्या किंवा गवताच्या पट्ट्यांवरून पाणी पडतं, पंखा त्यांतून बाहेरची हवा आत ओढतो आणि खोली गार, ओली, सुगंधी होते. माणूस सुखावतो. कागद मात्र बिथरतो. कागदाला वीस ते पंचवीस अंश तापमान आणि पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते, आणि मुख्य म्हणजे तीत चढउतार नको. आमच्या खोलीत सकाळी हवा कोरडी ठणठणीत, अकरा वाजता कूलर लावला की दमट, पाच वाजता बंद केला की पुन्हा कोरडी. कागद रोज फुगणार, रोज आकसणार, मधल्या वेळात त्याला बुरशीही येणार. म्हणून मॅडमनी जाहीर केलं: अभिलेखांच्या खोलीत कूलर बंद.

मुलांनी ऐकून घेतलं. मग दिग्रसची एक मुलगी, जी एरवी कधी बोलत नसे, म्हणाली, "मॅडम, कागदाले शंभर वर्षं टिकवाचं आहे. आम्हाले १२० तास तरी टिकवा."

तोडगा काकांनी काढला. कागद आतल्या खोलीत, मुलं बाहेरच्या खोलीत, कूलर बाहेर, आणि दोन्ही खोल्यांच्या मध्ये काका. ते एकेक दप्तर आणून देत आणि मधलं दार लोटून घेत. दार पूर्ण लागत नसल्याने फटीत त्यांनी एक जाड ग्रंथ उभा केला. तो दुर्मिळ ग्रंथांच्या यादीतला निघाला, पण ही गोष्ट मॅडमना नंतर कळली.

आता स्कॅनर. चांगल्या ठिकाणी वरून फोटो घेणारा स्कॅनर असतो, पुस्तक खाली पाळण्यात अर्धवट उघडं ठेवायचं, म्हणजे त्याची पाठ मोडत नाही. आमच्याकडे कार्यालयातून निवृत्त झालेला सपाट स्कॅनर होता, ज्यावर पुस्तक पालथं घालून वरून दाबावं लागतं. मॅडमनी तो सुट्या कागदांपुरता ठेवला आणि पुस्तकांसाठी एका स्टँडवर कॅमेरा बसवला. ३०० डीपीआयला ए-फोर आकाराचं एक रंगीत पान टिफ स्वरूपात ठेवायचं तर पंचवीस-सव्वीस एमबी होतं. चारशे पानांचं पुस्तक म्हणजे दहा जीबी. मुलं म्हणाली, जेपीजी करू, लहान होते. मॅडम म्हणाल्या, वाचायची प्रत जेपीजी, मूळ प्रत टिफच. जेपीजी पुन्हा पुन्हा साठवलं की झिजतं. कागद झिजतो म्हणून त्याचा फोटो काढायचा आणि फोटोही झिजतो, हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर प्रथमच तत्त्वज्ञान दिसलं. ६४ जीबीचा एक पेनड्राइव्ह मिळाला, सहा पुस्तकांपुरता. त्यात एका प्राध्यापकांच्या मुलीचं लग्न आधीच होतं, त्यामुळे चारच मावली.

वणीच्या मुलाने सरळ मोबाइल काढला. त्यात कॅमस्कॅनर होतं. २०२० च्या जून महिन्यात सरकारने ज्या एकोणसाठ चिनी ॲपवर बंदी घातली त्यांतलं एक. मॅडम म्हणाल्या, हे अजून तुझ्याकडे कसं? तो म्हणाला, "जुनं आहे मॅडम, काढलंच नाही. हेही जतनच होय ना?"

अशा या पथकाने काम सुरू केलं आणि दोनच दिवसांत त्याचे दोन पंथ पडले. एक स्कॅन करणाऱ्यांचा आणि एक वाचणाऱ्यांचा. अंकीकरणाच्या कामात वाचन हा सगळ्यांत मोठा अडथळा आहे, हे कोणत्याच पुस्तिकेत छापलेलं नसतं. वणीचा मुलगा वाचत नसे. त्याची रोज तीनशे पानं होत. त्यांतल्या बऱ्याच पानांवर त्याचा अंगठा होता, काही ठिकाणी दोन पानं एकदम उलटली होती, पण आकडा भक्कम होता. भविष्यातल्या संशोधकाला १९३० सालचा यवतमाळ आणि २०२५ सालचा अंगठा एकाच चौकटीत मिळेल. दिग्रसच्या मुलीची दिवसाला अकरा पानं होत. कारण ती प्रत्येक कागद आधी वाचायची, मग बाजूच्या मुलीला वाचून दाखवायची, मग दोघी हसायच्या किंवा गप्प व्हायच्या, आणि मग एकदाचं बटण दाबलं जायचं. अहवालाच्या रकान्यात 'दैनंदिन पृष्ठसंख्या' होती. 'दैनंदिन गप्प होणे' हा रकाना नव्हता.

वाचणाऱ्यांच्या पंथाला पहिला मोठा मासा गळाला लागला तो जंगल सत्याग्रहाचा. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळच्या राखीव जंगलात लोकनायक बापूजी अणे यांनी विनापरवाना गवत कापून कायदा मोडला आणि त्यांना अटक झाली. मुलांनी हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत वाचलं होतं. इथे एका फाटक्या अंकात ते बातमी म्हणून समोर आलं आणि पोरांना धक्का बसला.

"गवत कापलं म्हणून जेल?"

"मिठासाठी झाली, त गवतासाठी का नाही?" दारव्ह्याचा एक मुलगा म्हणाला. "आपल्याकडे कुठी आहे समुद्र?"

एवढ्यात वणीच्या मुलाला स्फुरण चढलं. अणे वणीचे. तो पहिल्यांदाच स्कॅनिंग सोडून वाचायला आला. पुसदची मुलगी म्हणाली, "असतील वणीचे. गवत आमचं होतं." यावर दुपारचा चहा येईपर्यंत वाद चालला आणि त्या दिवशी दोन्ही पंथांची पृष्ठसंख्या शून्य झाली. चहाबरोबर मी माझी भर घातली, की याच अण्यांनी टिळकांवर संस्कृतात 'तिलकयशोऽर्णव' नावाचं महाकाव्य लिहिलं. १९६८ साली ते वारले आणि १९७३ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

"म्हणजे क्रेडिट मेल्यावर आले," वणीचा मुलगा म्हणाला आणि कामाला लागला.

श्रेयांकांचा हिशेब काढायचा तर इतिहासाचार्य राजवाड्यांचं काय झालं असतं? हा माणूस गावोगाव फिरला, वाड्यांच्या माळ्यांवर चढला, लोकांच्या दारात बसून राहिला, १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढत बावीसपर्यंत नेली. पण हजेरीपत्रक नाही, मार्गदर्शकाची साप्ताहिक सही नाही, आणि स्वभाव असा की मार्गदर्शकाने पहिल्याच आठवड्यात बदलीचा अर्ज दिला असता. गुण: शून्य. शेरा: संघभावना वाढवावी.

आणि राजवाडे दूरचे वाटत असतील तर यवतमाळातच शारदाश्रम होता. य. खु. देशपांडे यांनी तो उभारला आणि महानुभावांच्या पोथ्यांमागे ते लागले. त्यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चं आहे. महानुभावांची कथा मॅडम दर बॅचला सांगतात, कारण जतनशास्त्राचे सगळे धडे तिच्यात आहेत. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी इथून जवळच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. परंपरा सांगते, की मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून काढली गेली. हिराइसा नावाची स्त्री त्यांतली एक. तिच्या आठवणीवर 'हिराइसा पाठ' उभा आहे. पुढे पंथाने आपले ग्रंथ सकळ आणि अशाच सांकेतिक लिप्यांत ठेवले. अक्षरं अशी अदलाबदल केलेली की परक्याला काही लागू नये. त्या लिपीचा उलगडा पंथाबाहेर व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं.

"म्हणजे पासवर्ड विसरले," दारव्ह्याचा मुलगा म्हणाला.

"विसरले नाहीत," मॅडम म्हणाल्या, "सांगितला नाही."

मुलांना हिराइसा फार आवडली. एकशे वीस तास नाही, टिफ नाही, पेनड्राइव्ह नाही. दिग्रसच्या मुलीने हिशेब केला, की आपल्याला स्वतःचा आणि आईचा सोडून एकही मोबाइल नंबर पाठ नाही.

यानंतरचा टप्पा नोंदींचा. प्रत्येक कागदाची संगणकावर पंधरा रकान्यांत ओळख लिहायची: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, दिनांक, भाषा वगैरे. स्कॅनिंग हे हातांचं काम, पण ही नोंद डोक्याचं. ती नसली तर हजारो चित्रं असतात आणि सापडत काही नाही. वणीच्या मुलाच्या पहिल्या दिवसाच्या नोंदी मॅडमनी छापून भिंतीवर लावल्या. शीर्षक: कागद. वर्णन: जुना, पिवळा. दिनांक: खूप आधीचा. विषय: इतर. कर्ता या रकान्यात त्याने स्वतःचं नाव टाकलं होतं, कारण स्कॅन त्यानेच केलं होतं.

पण खरी पंचाईत राज्याच्या रकान्याने केली. तिथे यादीतून निवडायचं होतं आणि यादीत एकच नाव होतं: महाराष्ट्र. आता यवतमाळ जिल्हा जागचा हलला नाही, पण त्याने बसल्या जागी किती सरकारं बघितली! १८५३ पासून निजामाचा वऱ्हाड इंग्रजांकडे, कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून. १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला, राजधानी नागपूर. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य. १९६० मध्ये महाराष्ट्र. जिल्ह्याचं नावही आधी वणी. 'यवतमाळ जिल्हा' असा शिक्का १९०५ पासूनचा. पुसदच्या मुलीने संगणकात १९०५ च्या आधीचा यवतमाळ शोधला, तो सापडेना. वणी म्हणून शोधल्यावर ढीगभर निघाला. वणीचा मुलगा त्यानंतर आठवडाभर कोणाशी नीट बोलत नव्हता, इतका तो मोठा झाला होता.

एकाच घरातल्या पणजोबांचा शेतसारा हैदराबादच्या छत्राखाली, आजोबांचं लग्न नागपूरच्या, नोकरी मध्य प्रदेशाच्या आणि निवृत्तिवेतन मुंबईच्या. त्यांचे कागद कुठे शोधायचे? जिथे जिथे राजधानी गेली तिथे. आणि या सगळ्यापुढे संगणकात एकच शब्द: महाराष्ट्र. मॅडमनी यादीत आणखी नावं घालावीत म्हणून मेल केला. उत्तर आलं, की सध्या अस्तित्वात असलेलीच राज्यं निवडता येतील.

दप्तरांपेक्षाही मुलांचा जीव पुस्तकांच्या पानांतून पडणाऱ्या वस्तूंवर जडला. मोरपीस, वाळलेला सोनचाफा, एस.टी.ची तिकिटं, कापूस एकाधिकार खरेदीची पावती, 'शकुंतला' गाडीचं तिकीट. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी, एकशे तेरा किलोमीटर, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर. देश स्वतंत्र झाला तरी मार्गाची मालकी एका खासगी कंपनीकडेच राहिली, कारण करार तसा होता. म्हणजे कागद किती दूर गाडी ओढू शकतो बघा. तिचा वेग असा, की प्रवासात एक कादंबरी सहज संपे. तिकीट पुस्तकात खूण म्हणून सापडलं ते शेवटून तिसऱ्या पानावर. मूर्तिजापूर आलं असणार.

एका पाकिटात साहित्य संमेलनांचे कागद होते. यवतमाळात संमेलन दोनदा झालं. १९७३ साली गदिमा अध्यक्ष होते, २०१९ साली अरुणा ढेरे. दुसऱ्याच्या वेळी नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण गेलं आणि मग ते मागे घेतलं गेलं. महाराष्ट्रभर गदारोळ झाला, आणि शेवटी जिल्ह्यातल्याच एका शेतकऱ्याच्या पत्नीने, जिच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती, उद्घाटन केलं. दारव्ह्याच्या मुलाने विचारलं, रद्द झालेलं निमंत्रण ठेवायचं की काढायचं? मॅडमनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "ते आधी स्कॅन कर. झालेल्या कार्यक्रमांच्या पत्रिका सगळ्यांकडे असतात."

मध्येच एक बातमी आली, की मूल्यांकनासाठी पथक येणार. महाविद्यालयात पथक येणार म्हटलं की दुर्मिळ ग्रंथांची संख्या वाढते, हा निसर्गनियम आहे. एरवी ज्या पुस्तकांना 'जुनी' म्हणतात ती आठ दिवसांसाठी 'दुर्मिळ' होतात. एका प्राध्यापकांनी आपल्या व्याख्यानांच्या पिवळ्या नोट्स आणून दिल्या. हस्तलिखित म्हणून ठेवा म्हणाले. राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या व्याख्येप्रमाणे हस्तलिखित किमान ७५ वर्षं जुनं लागतं. नोट्स त्या अटीत थोडक्यात हुकल्या. शिवाय सर अजून त्यांच्यावरूनच शिकवतात, त्यामुळे मूळ प्रत ग्रंथालयात ठेवली तर वर्गात काय सांगणार, ही दुसरी अडचण.

पथक आलं, हिरवं कपाट बघून गेलं, कात बघून जास्त वेळ थांबलं.

जून उजाडला. १२० तास भरले. वाचणाऱ्यांच्या पंथाने मुदत संपल्यावरही यायचं सोडलं नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण हजेरीपत्रकात त्याला जागा नव्हती. दिग्रसची मुलगी आता मोडी शिकते आहे. वणीचा मुलगा म्हणतो की त्याला काही आवडलं-बिवडलं नाही, पण तालुक्याची जुनी कागदपत्रं कोणाकोणाच्या घरी आहेत याची यादी त्याच्या मोबाइलमध्ये आहे. कॅमस्कॅनरमध्ये.

अहवाल द्यायचा होता. अंकीकरणाच्या प्रशिक्षणाचा अहवाल छापून, स्पायरल बाइंडिंग करून, दोन प्रतींत. ई-मेलवर पाठवलेला चालणार नव्हता. मुलांनी दिला. वर प्लास्टिकचं पारदर्शक मुखपृष्ठही लावलं. आणि प्रमाणपत्र मिळाल्याच्या संध्याकाळी सगळी बॅच, दीड महिना 'कागदाला लॅमिनेशन म्हणजे जिवंत समाधी' हे वाक्य ऐकलेली, बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभी होती. हातात प्रमाणपत्रं. मॅडमची स्कूटी तिथूनच गेली. त्यांनी बघितलं आणि वेग वाढवला.

सगळं काम शेवटी एका हार्ड डिस्कमध्ये भरलं गेलं. तिची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी असं मॅडमचं म्हणणं, आणि त्यासाठी दुसरी डिस्क घ्यावी असा प्रस्ताव. प्रस्ताव खरेदी समितीपुढे आहे. तोवर पहिली डिस्क हिरव्या कपाटात ठेवायची जबाबदारी काकांकडे आली. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कपाट उघडलं. डिस्क लाल कापडात नीट गुंडाळलेली, वर सुतळीची गाठ, गाठीला चिठ्ठी, आणि कापडाच्या घडीत चार डांबरगोळ्या.

"काका, हिला कशाला डांबरगोळ्या?"

काका मॅडमकडे थोडं दयेनेच बघत होते.

"अंदर कागदच आहेत ना, म्याडम?"